सौंदर्याचें माप कोणाच्या हातीं?

स्त्री कशी असावी, याविषयीं प्रत्येक समाजानें कांहीं ना कांहीं ठरवून ठेविलेलें असतें. हा आदर्श पूर्वापार चालत आलेला आहे आणि पुढेंही तो तसाच चालावयाचा आहे, अशी त्या त्या काळच्या लोकांची समजूत असते. इतिहास मात्र निराळेंच सांगतो. एका पिढीला जी मर्यादा वाटली ती दुसऱ्या पिढीला बेडी वाटते, आणि एका पिढीनें ज्याला स्वैराचार म्हटलें तो तिच्या नातवंडांच्या घरीं नित्याचा व्यवहार होऊन बसतो. आदर्श असे पालटत असतां एक गोष्ट मात्र फारशी पालटलेली दिसत नाहीं. ती म्हणजे स्त्रीला माप लावणारा हात. पाश्चात्य देशांत समुद्रकिनाऱ्यावर ज्या सौंदर्यस्पर्धा सुरू झाल्या, त्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. आणि त्या स्पर्धांना लागू पडेल असा एक रोखठोक प्रश्न, त्यांतील सर्वांत गाजलेली स्पर्धा भरण्यापूर्वीं जवळजवळ चाळीस वर्षें, समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या बुलढाण्याच्या एका स्त्रीनें विचारिला होता.

समुद्रस्नान हें युरोपांत प्रथम औषध म्हणून आलें. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत रिचर्ड रसेल नांवाच्या डॉक्टरनें समुद्राचें पाणी अनेक विकारांवर गुणकारी असल्याचें प्रतिपादन केलें, आणि ब्रायटनसारख्या कोळ्यांच्या वस्तीला श्रीमंतांच्या हवा खाण्याच्या ठिकाणाचें रूप आलें. त्या काळीं स्त्रियांचें समुद्रस्नान म्हणजे मोठ्या बंदोबस्ताचा विधि असे. चाकांवर बसविलेली लांकडी कोठडी घोड्याकडून पाण्यांत ओढून नेत. आंत कपडे बदलून स्त्री पायऱ्यांवरून थेट पाण्यांत उतरे; किनाऱ्यावरील कोणाच्या दृष्टीस ती पडूं नये, हा हेतु. अंगांत पायघोळ जाड झगा, आणि तो लाटांबरोबर वर तरंगूं नये म्हणून त्याच्या कांठांत वजनें शिवलेलीं. पुरुषांची जागा निराळी, स्त्रियांची निराळी. अशा पोशाखांत पोहणें शक्यच नव्हतें. बुडी मारावी आणि बाहेर यावें, इतकेंच.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि हें चित्र बदललें. 1846 मध्यें ब्लॅकपूलला रेल्वे पोहोंचली, 1871 मध्यें इंग्लंडांत सार्वजनिक सुट्यांचा कायदा झाला, आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील स्त्रीपुरुष कामगार वर्षांतून कांहीं दिवस समुद्रावर जाऊं लागले. या गोष्टीशीं बुलढाणा जिल्ह्याचा संबंध प्रथमदर्शनीं वाटतो त्याहून जवळचा आहे. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व तेथून येणारा कापूस जवळजवळ बंद पडला, तेव्हां लँकेशायरच्या गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे आणि विशेषतः वऱ्हाडाकडे वळली. खामगांव ही त्या वेळीं कापसाची मोठी पेठ झाली. जलंबपासून खामगांवपर्यंत कापसाच्या वाहतुकीसाठीं रेल्वेचा फांटा काढण्यांत आला आणि 1870 मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें तो खुला झाला. कापसाच्या बाजाराची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. व्यापारी पुंजका हातांत घेतो, बोटांनीं तंतु ओढून त्याची लांबी अजमावतो, पांढरेपणा न्याहाळतो आणि भाव सांगतो. कापसानें स्वतःचा भाव सांगावा, अशी कोणाची अपेक्षा नसते. मालाची प्रत ठरविण्याची हीच बाजारी सवय पुढें समुद्रकिनाऱ्यावर माणसांना लागू झाली.

समुद्रावर गर्दी वाढली तसे गर्दीवर पोट भरणारे धंदेही वाढले. हॉटेलें, नाटकगृहें, छायाचित्रकार, वर्तमानपत्रें या सर्वांना दर हंगामाला कांहीं तरी नवें आकर्षण हवें असे. त्याच सुमारास स्त्रिया खरोखरीच पोहूं लागल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं अ‍ॅनेट केलरमन या ऑस्ट्रेलियन जलतरणपटूनें अंगाला नीट बसणारा एकसंध पोशाख लोकांसमोर आणला, आणि 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथमच झाल्या. पोहणारीला हातपाय मोकळे हवेत, हें या पोशाखाचें साधें कारण. परंतु ज्यांना तिकिटें आणि अंक खपवावयाचे होते, त्यांना त्या पोशाखाचा निराळाच उपयोग दिसला. स्त्रियांच्या रूपाची चढाओढ लावणें हें कांहीं अगदींच नवें नव्हतें. 1888 मध्यें बेल्जममधील स्पा या आरोग्यस्थानीं अशी एक स्पर्धा भरली होती आणि ग्वाडेलूप बेटाची बर्था सुकारे ही तींत पहिली आली होती. पण समुद्रकिनारा, पोहण्याचा पोशाख आणि वर्तमानपत्र या तिहींचा खरा मेळ बसला तो अमेरिकेंत.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी हें हवा खाण्याचें शहर. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारीं तिकडे कामगारदिनाची सुटी असते. ती संपली कीं पाहुणे परत फिरत आणि हॉटेलें ओस पडत. हंगाम आणखी थोडे दिवस लांबावा, या सरळ व्यापारी हेतूनें तेथील व्यावसायिकांनीं 1921 च्या सप्टेंबरांत एक उत्सव योजिला. निरनिराळ्या शहरांतील वर्तमानपत्रांनीं तरुणींचीं छायाचित्रें मागवून आपापल्या गांवची सुंदरी निवडली. त्यायोगें त्यांचा खप वाढला. निवडलेल्या तरुणींना समुद्रावर पाठविलें. त्यायोगें हॉटेलांना गिऱ्हाईक मिळालें. वॉशिंग्टनची मार्गारेट गॉर्मन ही सोळा वर्षांची मुलगी विजयी ठरली. तिची उंची 5 फूट 1 इंच आणि वजन 108 पौंड होतें, हें आजही तिच्या नांवाबरोबर सांगितलें जातें. पुढें 'मिस अमेरिका' या नांवानें जी परंपरा प्रसिद्धीस आली, तिची ही पहिली मानकरी.

याच्या अगोदरच्याच वर्षीं, 1920 च्या ऑगस्टांत, घटनादुरुस्तीनें अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. मत देणारी, नोकरी करणारी, केस आखूड कापणारी नवी स्त्री घराबाहेर पडली होती, आणि तिच्याकडे कोणत्या नजरेनें पाहावें हें समाजाला अद्याप उमगलें नव्हतें. हा गोंधळ किती खोल होता, हें अटलांटिक सिटींतच दिसून आलें. स्पर्धेच्या कांहींच दिवस अगोदर तेथील किनाऱ्यावर एका लेखिकेनें आपले मोजे गुडघ्यांखालीं गुंडाळले. शिपायानें ते वर ओढण्यास सांगितलें, तिनें साफ नाकारलें, आणि तिची रवानगी कोठडींत झाली. त्याच किनाऱ्यावर स्पर्धेंतील तरुणींपुरती मात्र उघड्या गुडघ्यांवरील बंदी उठविण्यांत आली. पुढील वर्षीं, म्हणजे 1922 मध्यें, वॉशिंग्टनच्या स्नानतटावर असा हुकूम निघाला कीं, पोशाख गुडघ्यापासून सहा इंचांहून अधिक वर असूं नये. तेथील शिपाई हातांत फीत घेऊन स्त्रीच्या पायाशीं वांकून माप घेत आहे, असें एक छायाचित्र त्या वर्षींचें उपलब्ध आहे.

हे प्रसंग शेजारीं शेजारीं ठेविले म्हणजे मर्म ध्यानांत येतें. एक फीत नीतीची आणि दुसरी जाहिरातीची. पहिली म्हणते, इतकें झांकलेंच पाहिजे. दुसरी म्हणते, इतकें दाखविलेंच पाहिजे. वरवर या दोन फिती एकमेकींच्या शत्रु दिसतात, पण दोन्ही पुरुषांच्याच हातांत होत्या आणि स्त्रीला स्वतःला काय सोयीचें वाटतें, हा प्रश्न दोघींपैकीं एकीच्याही इंचांत मावत नव्हता. जिनें स्वतःच्या सोयीसाठीं गुडघे उघडे ठेविले ती गुन्हेगार ठरली. जिनें परीक्षकांपुढें ते उघडे ठेविले ती सुंदरी ठरली.

पुढील इतिहासांत या मापाला प्रतिष्ठेचें वेष्टण चढत गेलें. टीकेमुळें 1928 पासून कांहीं वर्षें स्पर्धा बंद राहिली. पुन्हां सुरू झाल्यावर 1935 मध्यें गायन, वादन इत्यादि गुणांची परीक्षा तींत आली, आणि 1945 मध्यें विजयी तरुणीस शिक्षणासाठीं विद्यावेतन मिळूं लागलें. त्या वर्षींची विजेती बेस मायरसन ही ज्यू कुटुंबांतील होती. तथापि सौंदर्य म्हणजे गोऱ्या कातडीचें सौंदर्य, ही अट कित्येक वर्षें नियमांत लेखी घातलेली होती. आफ्रिकन वंशाच्या स्त्रीच्या डोक्यावर तो मुकुट चढावयास 1983 साल उजाडावें लागलें. 1950 च्या सप्टेंबरांत विजयी झालेल्या योलांड बेटबीझ हिनें पोहण्याच्या पोशाखांत जाहिरातीसाठीं फिरण्यास नकार दिला, तेव्हां ते पोशाख बनविणाऱ्या कंपनीनें संबंध तोडून स्वतःची निराळी स्पर्धा उभी केली. 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेचा जन्म असा एका स्त्रीच्या नकारांतून आणि एका व्यापाऱ्याच्या रागांतून झाला.

आतां समुद्र सोडून वऱ्हाडांत यावयाचें. बुलढाणा हें अजिंठ्याच्या डोंगररांगांत वसलेलें गांव. याच जिल्ह्यांत सिंदखेडराजा येथें 1598 मध्यें लखुजी जाधवांच्या घरीं जिजाबाईंचा जन्म झाला. जिजाबाई म्हटलें कीं मराठी मनापुढें वीरमाता उभी राहते. वीरमाता, पतिव्रता, सुगृहिणी हे आदर्श थोर आहेत यांत शंका नाहीं. परंतु या तिहींतही स्त्रीची थोरवी पुत्र, पति किंवा घर यांच्या नात्यानें मोजली जाते. जहागिरीचा कारभार पाहणारी, न्यायनिवाडा करणारी जिजाबाई लोकांच्या बोलण्यांत क्वचितच येते. आदर्शाच्या मापांत व्यक्तीचा जेवढा भाग बसतो तेवढाच स्मरणांत राहतो, त्याचें हें उदाहरण होय.

या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशीं त्यांचा संबंध होता. मुलीला त्यांनीं मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. घर मराठ्यांचें, पडदा पाळणारें. तरी वर्तमानपत्रें व पुस्तकें त्या घरांत येत. 1881 मध्यें सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अर्भकाचा प्राण घेतल्याबद्दल खटला झाला. तिला प्रथम फांशीची शिक्षा झाली व पुढें ती कमी करण्यांत आली. या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीवर झोड उठली. तिच्या अवस्थेला जबाबदार असलेल्या पुरुषाचा उच्चार कोणी करीना, आणि जो समाज विधवेला पुनर्विवाह करूं देत नव्हता त्याच्याकडे कोणी बोट दाखवीना. ताराबाईंनीं याला उत्तर म्हणून लिहिलेला 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध 1882 मध्यें पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापून निघाला. प्रती 500 आणि किंमत 9 आणे.

पुस्तकाच्या नांवांतच त्याची युक्ति सांठविलेली आहे. त्या काळीं स्त्रीविषयीं पुष्कळ लिहिलें जात असे. कोणी तिची स्तुति करी, कोणी निंदा. ताराबाईंनीं तुलना मागितली. स्त्रीच्या माथीं कपट, चंचलपणा, साहस, अविचार असे जे जे दोष मारले जातात, ते एकेक घेऊन त्यांनीं पुरुषांना लावून पाहिले आणि ते तेथें अधिकच घट्ट बसतात असें दाखविलें. बायको वारली कीं पुरुष दुसरी करतो. नवरा वारला कीं स्त्रीनें जन्मभर कोपऱ्यांत बसावें, हें कोणत्या न्यायानें? कुरूप किंवा दुर्गुणी बायको पुरुषाला नकोशी होते. तर कुरूप, व्यसनी, म्हातारा नवरा स्त्रीला नकोसा झाला तर पाप कसें? पुरुषांनीं साहेबाच्या देखादेखीं आपला पोशाख बदलला, चालीरीति बदलल्या. धर्म राखण्याचा भार मात्र बायकांच्याच लुगड्यावर कां? पुराणांतील कथांपासून 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांपर्यंत सर्वांचा त्यांनीं समाचार घेतला. कारण स्त्रीचें जें चित्र त्यांत होतें तें काढणारे हात पुरुषांचे होते.

फुले यांनीं 1885 मध्यें 'सत्सार' या आपल्या नियतकालिकांतून ताराबाईंची बाजू घेतली. परंतु इतरत्र पुस्तकाची हेटाळणी झाली आणि नंतर तें विस्मृतींत गेलें. ताराबाईंनीं दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें नाहीं. 1975 मध्यें स. गं. मालशे यांनीं हा निबंध पुन्हां छापला, तेव्हां मराठी वाचकांना त्याची खरी ओळख पटली. 1994 मध्यें रोझॅलिंड ओहॅनलन यांचें इंग्रजी भाषांतर निघालें आणि बुलढाण्याचें नांव जगांतील विद्वानांपर्यंत पोहोंचलें.

ताराबाईंनीं सौंदर्यस्पर्धा पाहिली नव्हती. परंतु ज्या स्पर्धेला समुद्र लागत नाहीं, ती त्यांच्या काळींही घरोघर चालत असे आणि पुढेंही दीर्घकाळ चालली. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ही ती स्पर्धा. मुलीला पाटावर बसवावयाचें, नांव विचारावयाचें, चालावयास लावावयाचें, केसांची लांबी आणि दांत पाहावयाचे, सुईंत दोरा ओंवावयास सांगून नजर तपासावयाची, आणि रंग उजळ कीं सांवळा यावर घरीं गेल्यावर खल करावयाचा. येथेंही परीक्षक होते, प्रेक्षक होते, उंचीचें व वर्णाचें माप होतें. फरक एवढाच कीं, अटलांटिक सिटींत विजयी मुलीला बक्षीस मिळे, आणि येथें पसंत पडलेल्या मुलीच्या बापाला हुंडा मोजावा लागे. हुंडाबंदीचा कायदा 1961 मध्यें झाला. 'गोरी' व 'सडपातळ' हे शब्द विवाहाच्या जाहिरातींतून अजूनही पुरते गेलेले नाहींत.

महाराष्ट्रांत पोहण्याच्या पोशाखानें पहिली मोठी खळबळ उडविली ती 1938 मध्यें. आचार्य अत्रे यांची कथा आणि मास्टर विनायक यांचें दिग्दर्शन असलेला 'ब्रह्मचारी' हा बोलपट त्या वर्षीं आला. ब्रह्मचर्याचें व्रत घेतलेल्या तरुणाची फजिती हा त्याचा विषय. त्यांत मीनाक्षी शिरोडकर यांनीं पोहण्याचा पोशाख घालून एक गाणें म्हटलें. संस्कृतिरक्षकांनीं कपाळाला हात लावला आणि प्रेक्षकांनीं चित्रपटगृहें भरून टाकलीं. कित्येकदां हीं दोन्ही कामें एकाच गृहस्थांनीं केलीं असल्यास नवल नाहीं. अत्र्यांच्या उपहासाचा रोख मुळांत अशाच ढोंगावर होता. तरीही जें वादळ उठलें तें नटीच्या पोशाखावर. व्रताचा डांगोरा पिटून डळमळणाऱ्या नायकाच्या मनावर नव्हे. तुलनेचा प्रश्न येथेंही कोणी विचारला नाहीं. याच मीनाक्षीबाईंची नात नम्रता शिरोडकर 1993 मध्यें 'मिस इंडिया' झाली, तेव्हां तसलें वादळ उठलें नाहीं. दोन पिढ्यांत समाजाची नजर एवढी सरावली होती.

स्वातंत्र्याच्या वर्षीं, 1947 मध्यें, 'मिस इंडिया' हा किताब प्रमिला या नांवानें गाजलेल्या एस्तर अब्राहम यांना मिळाला. त्या अभिनेत्री होत्या, विवाहित होत्या आणि मुलांची आईही होत्या. सौंदर्याचा मान कुमारिकेलाच, हा पुढें पक्का झालेला दंडक त्या वेळीं आपल्याकडे नव्हता. 1952 मध्यें कॅलिफोर्नियांतील लाँग बीच या समुद्रकाठच्या शहरीं पहिली 'मिस युनिव्हर्स' स्पर्धा झाली, तेव्हां भारतातर्फे नर्तकी इंद्राणी रेहमान गेल्या. त्याही विवाहित होत्या. पोहण्याच्या पोशाखावर केसांत गजरा आणि कपाळीं टिकली, अशा त्या तेथें उभ्या राहिल्या. दोन आदर्शांची ओढाताण एकाच देहावर कशी दिसते, याचें याहून बोलकें चित्र सांपडणें कठीण.

पण त्याच 1952 सालीं आणखी एक गोष्ट घडली आणि ती अधिक विचार करण्यासारखी आहे. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें मुंबईची डॉली नाझीर आणि कलकत्त्याची अवघ्या अकरा वर्षांची आरती साहा या दोघी भारतातर्फे पोहल्या. पुढें 29 सप्टेंबर 1959 रोजीं आरती साहा हिनें इंग्लिश खाडी पोहून पार केली. असें करणारी ती आशियांतील पहिली स्त्री. लाँग बीचवरील आणि हेलसिंकींतील पोशाख एकाच जातीचा होता. एका ठिकाणीं परीक्षक देहाचा घाट पाहत होते, दुसऱ्या ठिकाणीं पंचाचें घड्याळ तिचा वेग मोजीत होतें. एकीकडे स्त्री समुद्राच्या कांठावर थांबली, दुसरीनें समुद्रच पार केला. यावरून उघड होतें कीं वाद पोशाखाचा नव्हेच. कपडा आखूड कीं लांब, या भांडणांत दोन्ही पक्षांनीं शंभर वर्षें घालविलीं. मोजावयाचें काय, हा प्रश्न तसाच राहिला.

1966 मध्यें लंडनला रीटा फारिया 'मिस वर्ल्ड' झाली, तेव्हां या प्रश्नाला एका तरुणीनें आपल्या परीनें उत्तर दिलें. गोव्याकडील कुटुंबांतील ही मुंबईची मुलगी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची विद्यार्थिनी होती. स्पर्धेसाठीं तिनें कपडेही इकडून तिकडून उसने नेले होते. हा मान मिळविणारी ती पहिली आशियाई स्त्री. वर्षभर मुकुटाचीं कामें केल्यावर चित्रपट आणि जाहिराती यांचीं आमंत्रणें बाजूला सारून ती पुन्हां वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळली आणि डॉक्टर झाली. तिला जगानें एका फितीनें मोजलें. तिनें स्वतःला दुसऱ्या मापानें मोजणें पसंत केलें. दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यांत बसूं शकतात, आणि निवड तिची असली म्हणजे मुकुटही हानिकारक होत नाहीं, हें मान्य करणें न्यायाचें होईल.

विरोधही झालाच. 1968 च्या सप्टेंबरांत अटलांटिक सिटीच्या त्याच समुद्रकांठीं स्त्रियांच्या एका गटानें निदर्शनें केलीं आणि एका मेंढीला मुकुट घालून स्पर्धेची थट्टा केली. 1996 मध्यें बंगळूर येथें 'मिस वर्ल्ड' स्पर्धा भरली, तेव्हां तिला दोन बाजूंनीं विरोध झाला. स्त्रियांच्या संघटना म्हणत होत्या कीं हा स्त्रीच्या देहाचा बाजार आहे. सनातनी म्हणत होते कीं हा संस्कृतीवर घाला आहे. अखेर पोहण्याच्या पोशाखाची फेरी दूर सेशल्स बेटांवर उरकण्यांत आली. घोषणा सारख्या असल्या तरी दोन्ही विरोधांतील अंतर विसरतां येत नाहीं. पहिल्यांना फीत टाकून द्यावयाची होती, दुसऱ्यांना ती आपल्या हातांत हवी होती. ताराबाईंच्या तुलनेची कसोटी लावली कीं हा फरक तत्काळ कळतो. 2018 मध्यें 'मिस अमेरिका' स्पर्धेंतून पोहण्याच्या पोशाखाची फेरी काढून टाकण्याचें जाहीर झालें. ज्या फेरीनें 1921 मध्यें हॉटेलें भरलीं, ती सत्त्याण्णव वर्षांनीं इतिहासजमा झाली.

याचा अर्थ माप गेलें असा नाहीं. आजच्या मुलीचें छायाचित्र काढणारा हात पुष्कळदां तिचा स्वतःचाच असतो. तें जगापुढें ठेवण्यापूर्वीं रंग उजळून घेणें आणि चेहरा सडपातळ करणें हेंही तीच करते. फीत तिच्या हातीं आली, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि त्या फितीवरील आंकडे कोणी लिहिले, हें पाहणें उरतेंच. सौंदर्याची आवड ही मनुष्याला उपजत आहे आणि नटण्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. दोष येतो तो एका मापाला सर्व माणूस समजण्यांत, आणि तें माप एकाच पक्षाला लावण्यांत.

सुशिक्षित घरांना ही परीक्षा करून पाहण्यास कोणत्याही समुद्रावर जाण्याचें कारण नाहीं. घरांतील मुलीच्या विवाहाची माहिती लिहावयास घेतली म्हणजे उंची, वर्ण, बांधा, स्वभाव, स्वयंपाक अशीं जीं जीं सदरें मांडलीं जातात, तींच जशींच्या तशीं मुलाच्या कागदावर मांडून पाहावीं. जें सदर मुलाच्या कागदावर हास्यास्पद वाटेल, तें मुलीच्या कागदावर कां शोभतें, हें घरांतील वडील मंडळींनीं एकमेकांना विचारावें, आणि मुलीला प्रश्न विचारतांना तिचेही प्रश्न ऐकून घ्यावे. 1882 मध्यें बुलढाण्याच्या त्या विदुषीनें याहून अधिक कांहीं मागितलें नव्हतें.